लेक सगळं ऐकते, समजते, पण बोलत नाही: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उशिरा बोलायला लागणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेल आले आणि त्यातले काही एकदम वेगळेच निघाले. ही मुलं उशिरा बोलणारी नव्हतीच, चांगली चुरूचुरू बोलणारी होती, आणि लहान मेंदूच्या आजारात नाहीतर तिथल्या ऑपरेशननंतर एकाएकी गप्प झाली. मी स्पीच थेरपिस्ट आहे, न्यूरोसर्जन नाही, त्यामुळे गाठ, औषधं वगैरेबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण ही गप्प झालेली मुलं आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या घरच्यांना ज्या गोष्टी कुणी नीट बसून सांगितलेल्या नसतात त्या इथे सांगते. पत्रं थोडी कापलीत, नावं-गावं काढलीत.

प्रश्न: ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. बरेच दिवस सकाळी उठली की उलटी करायची, डोकं दुखतंय म्हणायची, आम्ही आधी ॲसिडिटी समजलो, मग चष्म्याचा नंबर काढून आणला. चालताना झोकांड्या जायला लागल्या तेव्हा एमआरआय केला आणि डोक्यात मागच्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले गाठ पूर्ण निघाली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, "आई पाणी दे" म्हणाली, दादा कुठाय विचारलं. आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून बोलणं बंद. एक शब्द नाही. किंचाळल्यासारखी रडते, डोळे उघडत नाही, हातपाय लुळे पडलेत, नाकातून नळी आहे. सासूबाई म्हणतात धसका घेतलाय, नणंद म्हणते आपल्यावर रुसलीय. डॉक्टर राउंडला येतात आणि "होतं असं, येईल बोलणं" म्हणून पुढच्या बेडकडे जातात. ऑपरेशनमध्ये काही चुकलं का? ती परत बोलेल का?

उत्तर: आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं तुम्ही त्यानंतरच वाचाल. हो, अशा मुलांचं बोलणं बहुतेक वेळा परत येतं. काहींचं थोड्या दिवसांत येतं, काहींना महिने लागतात, साधारण सहा ते आठ आठवडे हा बऱ्याच मुलांचा अनुभव आहे. मात्र ते आधीसारखं जसंच्या तसं लगेच येत नाही, त्याबद्दल पुढे आजोबांच्या पत्रात लिहिलंय तेही वाचा.

आता धसका आणि रुसवा. दोन्ही नाही. तुमच्या डॉक्टरांनी ज्याला "होतं असं" म्हटलं त्याला नाव आहे, सेरेबेलर म्युटिझम, आणि काही डॉक्टर पोस्टिरिअर फोसा सिंड्रोम म्हणतात. डिस्चार्ज कार्डवर दोन्हीपैकी कुठलंही दिसलं तर घाबरू नका, गोष्ट तीच आहे. हे नवीनही नाही, 1985 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर अशी गप्प झालेली सहा मुलं एकत्र मांडली होती आणि तेव्हापासून जगभरातून अशा केसेस लिहिल्या गेल्यात. मेड्युलोब्लास्टोमा नावाची जी कॅन्सरची गाठ मुलांमध्ये लहान मेंदूच्या मधोमध होते, तिच्या ऑपरेशननंतर हे सगळ्यात जास्त दिसतं. अमेरिकेतच अशा 450 मुलांचा अभ्यास झाला, तो 2006 मध्ये छापून आला, त्यात 24 टक्के मुलांना हा त्रास झाला होता. म्हणजे जवळपास चारात एक. हा आकडा मी मुद्दाम देतेय, कारण आईबापांना वाटतं की हे फक्त आपल्याच पोरीच्या नशिबी आलं, आणि चारात एकाला होणारी गोष्ट ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं बसवून सांगायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. सही घेताना शंभर गोष्टी वाचून दाखवतात, त्यात हीसुद्धा असते कदाचित, पण कुठल्या आईला ती ऐकू येते?

होतं काय, तर आपला लहान मेंदू डोक्याच्या मागे खाली असतो आणि शाळेत आपण शिकलो की तो तोल सांभाळतो. तेवढंच त्याचं काम नाही. त्याच्या आतल्या एका केंद्रातून दोन्ही बाजूंनी जाड वायरी निघतात, मेंदूच्या देठातून वर जातात, थॅलॅमस नावाच्या ठिकाणी थांबतात आणि तिथून पुढच्या मोठ्या मेंदूत जातात, जिथे बोलण्याची सुरुवात होते, काय बोलायचं कसं बोलायचं ते ठरतं. गाठ मधोमध असली की ती या वायरींना अगदी खेटून असते. गाठ निघाली तरी त्या जागेला इजा होते, सूज येते, रक्तपुरवठा बदलतो, आणि दोन्ही बाजूंच्या वायरी एकदम बंद पडल्या की पुढच्या मेंदूला मागून काही पोचतच नाही. विहिरीत पाणी आहे, मोटर चांगली आहे, पण डीपी उडालीय, तसं. तिचा घसा शाबूत आहे, म्हणून तर ती एवढ्या मोठ्याने रडते. कान शाबूत आहेत. समज बहुतेक शाबूत असते. सुरुवात करून देणारं सर्किट बंद आहे. डोळे न उघडणं, अंग सैल पडणं, गिळता न येणं, कशानेच न थांबणारं रडणं, हे सगळं त्याच एका पॅकेजमध्ये येतं.

आणि ती आधी बोलली आणि मग थांबली, ह्यानेच तुमचा गोंधळ झालाय ना? तुम्हाला वाटतंय मधल्या रात्री आयसीयूत काहीतरी झालं. पण हे असंच येतं, ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी, कधी आठवड्याच्या आत, मूल आधी थोडं बोलतं आणि मग बंद होतं. सूज चढायला वेळ लागतो. ऑपरेशनमध्ये चूक झाली म्हणून हे झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, चांगल्यातल्या चांगल्या हॉस्पिटलमध्ये, मुरलेल्या सर्जनच्या हातूनही होतं, कारण गाठ कुठे आहे आणि कसली आहे यावर बरंचसं ठरलेलं असतं. पूर्ण गाठ निघाली ही तुमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, ती विसरू नका.

आता बेडपाशी काय करायचं. ती ऐकतेय हे धरून चाला, डोळे मिटलेले असले तरी. तिच्या उशाशी उभं राहून "आता काय होणार हिचं" म्हणून रडणारी मावशी असेल तर तिला बाहेर पाठवा, मी गंमत करत नाहीये, बोलायला लागल्यावर काही मुलं सांगतात की तेव्हा कोण काय म्हणालं. तुम्ही मात्र नेहमीसारखं बोलत राहा, आज भाजी काय केली, दादाची परीक्षा कधी आहे, मांजर खिडकीत बसलंय, असलं काहीही. आणि प्लीज तिची परीक्षा घेऊ नका. "मी कोण? सांग बरं. आई म्हण. एकदाच म्हण." सकाळपासून जो येतो तो हेच करतो, पोरगी आणखी पिसाळल्यासारखी रडते आणि लोकांना वाटतं हट्ट करतेय. तिला हवंय ते बोलणं तिच्याकडून निघत नाहीये आणि तुम्ही तेच मागताय. त्यापेक्षा हो-नाहीचा मार्ग शोधा. एखादं बोट हलतंय का, नजर वळतेय का, डोळे घट्ट मिटता येतात का, जे काही तिला जमतं ते "हो" समजायचं ठरवा आणि घरच्या सगळ्यांनी तेच वापरा, एकाने डोळे आणि दुसऱ्याने बोट असं नको. डोळे उघडायला लागली की चार चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवा, पाणी, दुखतंय, आई, झोपायचंय. एवढी चार पुरतात. पोराला पहिल्या दिवशी चाळीस चित्रांचं ॲप देणारे लोक असतात, त्यांचं ऐकू नका.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. डॉक्टर किंवा थेरपिस्टने गिळणं तपासून "द्या" म्हणेपर्यंत तोंडातून काहीही द्यायचं नाही. काही म्हणजे काहीही. नर्सची पाठ वळली की कुणीतरी चमच्याने तीर्थ घालतं, तांदळाची पेज घालतं, "दोन थेंबांनी काय होतंय". त्या दोन थेंबांनी ठसका न लागता पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. राइल्स ट्यूब बघवत नाही हे कळतं मला, पण ती नळी आत्ता तिचं पोट भरतेय. अंगारा कपाळाला लावा, तोंडात नको.

आणि हे लक्ष ठेवा: न बोलणं वेगळं आणि गुंगी वेगळी. रडणारं, कूस बदलणारं मूल एकदम झोपाळू झालं, उलट्या परत सुरू झाल्या, जखमेच्या जागी फुगवटा आला किंवा पाणी झिरपायला लागलं, ताप आला, फिट आली, तर "म्युटिझमच असेल" म्हणत बसू नका, लगेच सांगा. डोक्यात पाणी साठलं असू शकतं किंवा इन्फेक्शन असू शकतं, आणि त्याला वेळेत काहीतरी करावं लागतं.

प्रश्न: वरच्यासारखाच आमचा प्रॉब्लेम आहे, मुलगा आठ वर्षांचा, मेड्युलोब्लास्टोमा, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, अजून बोलत नाही, मान धरत नाही. आता हॉस्पिटलवाले म्हणतात रेडिएशन सुरू करायचं. आमच्याकडे सगळ्यांचं म्हणणं आहे की पोरगा आधी बोलू दे, अंगात जरा ताकद येऊ दे, मग बघू. एका पाहुण्यांनी तर सांगितलं की रेडिएशन दिलं तर बोलणं कायमचं जाईल. काय करावं? (मुलाचे वडील)

उत्तर: दादा, थांबू नका. बोलणं यायची वाट बघत रेडिएशन पुढे ढकलणं ही या सगळ्यातली सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे. या गाठीत ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू करायचं असतं, कारण गाठ डोळ्याला दिसेल तेवढी निघाली तरी तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या आणि मणक्यातल्या पाण्यातून फिरत असतात, म्हणून तर डोकं आणि पाठीचा कणा दोन्हीला रेडिएशन देतात. म्युटिझम आपल्या गतीने जाणार आहे, कॅन्सर तुमच्यासाठी थांबणार नाही.

मूल बोलत नाही, सांगितलं तरी स्थिर पडून राहत नाही, ह्याची अडचण खरी आहे. त्यासाठी रोज थोडी भूल देऊन रेडिएशन करतात, लहान मुलांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे, तसं विचारा. रेडिएशनने बोलणं कायमचं जातं हे पाहुण्यांनी कुठून आणलं देव जाणे. रेडिएशनचे दूरचे परिणाम असतात, शिकण्याच्या वेगावर, उंचीवर, थायरॉइडवर, त्यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण ते या गप्प होण्याचं कारण नाही आणि ते टाळायला म्हणून रेडिएशन टाळायचं नसतं. आणि रेडिएशन चालू असतानाच फिजिओ आणि स्पीच थेरपीही चालू ठेवा, एक संपल्यावर दुसरं असं नाही. बाहेरगावाहून मुंबईत येऊन राहिला असाल तर हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, लहान मुलांच्या कॅन्सरसाठी राहण्याची सोय करणाऱ्या संस्था आहेत, महात्मा फुले योजनेत काय बसतं तेही तेच सांगतात, बिलिंगच्या खिडकीवर ही माहिती मिळत नाही.

प्रश्न: आमच्या तीन वर्षांच्या मुलाला जुलाब-उलट्या आणि ताप होता, ॲडमिट केलं, मध्ये एक-दोन दिवस गुंगीत होता. शुद्धीवर आला पण बोलेना, बसवलं की एका बाजूला कलंडतो, खेळणं घ्यायला गेला की हात थरथरतो. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले लहान मेंदूला सूज आहे, व्हायरसमुळे. ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही. तरीही बोलणं जाऊ शकतं का? नेटवर सगळीकडे गाठीबद्दलच लिहिलेलं आहे, ते वाचून रात्रभर झोप नाही.

उत्तर: जाऊ शकतं, आणि त्यासाठी गाठ असायला लागत नाही. एमआरआय झालाय, डॉक्टरांनी सूज आहे असं सांगितलंय, मग नेटवरची गाठ तुमच्या डोक्यातून काढून टाका. व्हायरसने लहान मेंदूला सूज येण्याला सेरेबेलायटिस म्हणतात. कांजिण्या, गालगुंड, रोटाव्हायरस, असे बरेच व्हायरस हे करू शकतात. कांजिण्यांनंतर मुलं दारू प्यायल्यासारखी झुलत चालतात हे जुन्या डॉक्टरांनी कितीतरी वेळा बघितलंय, पण त्यातली मुलं बहुतेक बोलतात, अडखळत का होईना. एकदम गप्प होणं त्यामानाने कमी. रोटाव्हायरसच्या जुलाबांनंतर मात्र तुम्ही लिहिलंय तसंच्या तसं चित्र असलेली मुलं नोंदलेली आहेत, विशेषतः जपानमधून बरीच: आधी जुलाब, मग गुंगी, गुंगी गेल्यावर कळतं की मूल बोलतच नाही, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बोलणं सुरू होतं तेव्हा ते संथ, एकेक अक्षर ओढत येतं. सर्किट तेच आहे जे वर सांगितलं, फक्त त्याला धक्का सुरीचा नाही, सुजेचा बसला.

तुमच्या मुलाचं वय, कारण, सगळं बघता घाबरण्यापेक्षा लक्ष ठेवण्याची गरज जास्त आहे. लहान मेंदू एका घट्ट बंद जागेत असतो, तिथे सूज वाढली तर पाण्याचा रस्ता दाबला जातो. म्हणून डोकेदुखीने कळवळणं, परत उलट्या, गुंगी, डोळे तिरके होणं, यातलं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी. काही मुलांना स्टिरॉइड देतात, ते डॉक्टर ठरवतील. बरं होणं आठवड्या-महिन्यांत चालतं, आणि बहुतेक मुलं चांगली सुधारतात, काहींच्या बोलण्यात किंवा तोलात थोडं मागे राहतं म्हणून नंतरही फॉलोअप सोडू नका.

जाता जाता धाकट्या बाळासाठी: रोटाव्हायरसची तोंडातून द्यायची लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आलीय, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात, फुकट. कांजिण्यांची आणि गालगुंडाची लस सरकारी यादीत नाही, ती बालरोगतज्ज्ञांना विचारून वेगळी घ्यावी लागते. तुम्ही थोरल्याला कोणती दिली होती कोणती नाही यावर आता घरात भांडू नका.

प्रश्न: नमस्कार. माझा नातू दहा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी लहान मेंदूचं ऑपरेशन, नंतर दोन महिने अबोल, मग रेडिएशन आणि केमो. देवाच्या दयेने आज घरी आहे, बोलतो. पण पूर्वीचा राहिला नाही. एकेक शब्द तोडून, एकाच सुरात बोलतो, वर्गात पोरं रोबो म्हणतात. उत्तर माहीत असतं पण तोंडी परीक्षेत वेळ संपतो. मधेच काहीही कारण नसताना रडतो नाहीतर हसत सुटतो. हाका मारल्या की कधी कधी ऐकत नाही, सूनबाईला वाटतं लाडाने बिघडलाय. आम्ही आणखी काय करायला हवं होतं?

उत्तर: आजोबा, तुमच्या पत्रातली एक ओळ मी लाल पेनने खुणावून ठेवलीय, "हाका मारल्या की ऐकत नाही". सगळ्यात आधी त्याचे कान तपासा. या आजारात जी केमो देतात त्यात सिस्प्लॅटिन नावाचं औषध बहुतेक वेळा असतं, आणि त्याने ऐकू येणं कमी होऊ शकतं, तेही वरच्या पट्टीतले आवाज आधी. म्हणजे घरात टीव्ही ऐकू येतो, माणसाचा आवाज ऐकू येतो, पण स, श, फ हे आवाज गळतात. वर्गात पंखा फिरतोय, बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत, तेव्हा "सात" आणि "हात" त्याला एकच. मग मूल "लक्ष देत नाही" ठरतं. ऑडिओमेट्री करून घ्या, आधी झाली असेल तरी परत करा, कारण हा दोष केमो संपल्यावर पुढेही वाढू शकतो. गरज निघाली तर मशिन लावायला लाजू देऊ नका, आणि सूनबाईंना रिपोर्ट दाखवा.

आता तोडून तोडून बोलणं. अबोलपणा गेल्यावर येणारं बोलणं बहुतेकांचं असंच येतं, आधी कुजबुज, मग एकेक शब्द, मग वाक्यं, पण अक्षरं सुटी सुटी आणि सूर सपाट. बोलताना जीभ, ओठ, श्वास, घसा यांनी एका वेळी हलायचं असतं आणि ते टायमिंग लहान मेंदू लावून देतो, त्यालाच मार बसलाय. यावर काम करता येतं, दोन वर्षं झाली म्हणून आता उशीर झाला असं नाही. श्वास घेऊन छोटं वाक्य, टेबलावर बोटाने ठेका धरून बोलणं, महत्त्वाच्या शब्दावर जोर द्यायचा सराव, "आज *मी* जाणार" आणि "*आज* मी जाणार" असं. तुम्हाला आरत्या, श्लोक येत असतील तर रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर म्हणा, ठेक्यात आणि सुरात मुलांचं बोलणं जास्त मोकळं येताना दिसतं, आणि तुमच्याइतका मोकळा वेळ घरात कुणाकडे असणार? पण रोज दहा-पंधरा मिनिटंच, दमला की बंद. थेरपी मराठीतच होऊ द्या, शाळा इंग्रजी असली तरी. घरात तो बोलत असताना त्याचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही, हे सगळ्यात अवघड जाईल, तुम्हालाच जाईल.

उगाच रडणं-हसणं हाही त्याच आजाराचा भाग आहे, त्याच्या हातात नाही. त्या वेळी "काय झालं, काय झालं" करत सगळ्यांनी गोळा व्हायचं नाही, विषय बदलायचा, मिनिटभरात ओसरतं. तोंडी परीक्षेत वेळ संपतो तेही आळसाचं नाही. शब्द सुचायला वेळ लागणं, दोन कामं एकदम न जमणं, आखणी करताना गोंधळणं, हे लहान मेंदूच्या दुखण्यात दिसतं, 1998 मध्ये श्माह्मान आणि शर्मन या अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठ्यांमध्ये ते व्यवस्थित मांडलं आणि पुढे मुलांमध्येही तसंच सापडलं. वर रेडिएशनचा परिणाम वेगळा. त्यामुळे नुसतं ट्यूशन लावून हे सुटणार नाही, एकदा न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट करून घ्या म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते कळेल. उंची आणि थायरॉइडसाठी हार्मोनच्या डॉक्टरांकडे दाखवता ना? नसाल तर दाखवा.

शाळेचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात वाचा-भाषेचा दोष आहे, श्रवणदोषही आहे. ऑनलाइन अर्ज करून सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, तोंडीऐवजी लेखी, पहिल्या बाकावर जागा, हे मागायचं. काही घरांत कार्ड नको असतं, "शिक्का बसतो" म्हणून. शिक्का वर्गातल्या पोरांनी कधीच मारलाय, कार्डाने निदान वेळ तरी वाढवून मिळेल. आणि "रोबो" म्हणणाऱ्यांचं काय, तर वर्गशिक्षिकेला विनंती करा की नातू वर्गात नसताना एकदा पोरांना सरळ सांगा, ह्याचं मोठं ऑपरेशन झालं, ह्याला सगळं समजतं, बोलायला वेळ लागतो. पोरं एवढी वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की आणखी काय करायला हवं होतं. नातू आठव्या वर्षी ज्यातून गेला त्यातून दहाव्या वर्षी शाळेत जातोय. त्या प्रश्नाचा नाद सोडा.

प्रश्न: भाचीचं लहान मेंदूचं ऑपरेशन झालंय, बोलत नाही. व्हॉट्सॲपवर आलंय की झोपेची एक गोळी दिली की अशी मुलं बोलायला लागतात. खरं आहे का? आणि आमच्याकडे जुनी माणसं वेखंड मधात उगाळून जिभेला लावायला सांगतात, ते तरी चालेल ना?

उत्तर: गोळीच्या फॉरवर्डमागे थोडंसं खरं आहे आणि बरंचसं वाढवलेलं आहे. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आणि ब्रोमोक्रिप्टिन नावाचं औषध देऊन एखाद-दुसरं मूल लवकर बोललं अशा केसेस डॉक्टरांनी लिहिल्या आहेत. पण ही मुलं औषधाशिवायही बोलायला लागतातच, त्यामुळे गोळीने बोललं की बोलायची वेळच आली होती हे एका-दोघांवरून कसं ठरवणार? मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं असं या म्युटिझमवर आज एकही औषध नाही. तुमच्या न्यूरो डॉक्टरांनी विचार करून काही दिलं तर तो त्यांचा निर्णय, मेडिकलमधून आणून तुम्ही द्यायचं नाही. ताज्या ऑपरेशनच्या मुलीला गुंगी आणणारी गोळी दिली तर खरी गुंगी कधी आली ते कुणालाच कळणार नाही.

वेखंड नाही. वेखंडाने जीभ हलकी होते की नाही या वादात मी आज पडत नाही, पण तिची जीभ जड झालेलीच नाही, आणि गिळता न येणाऱ्या मुलीच्या तोंडात मध आणि उगाळलेली मुळी घालणं धोक्याचं आहे. जुन्या माणसांना काहीतरी करायचंय हे मला समजतं, त्यांना रोज ठरलेल्या वेळी तिच्याशी फोनवर बोलायला सांगा, फोन कानाशी धरा, ती उत्तर देणार नाही हे आधी सांगून ठेवा.

प्रश्न: माझी चार वर्षांची मुलगी घरी धबधबा बोलते आणि शाळेत वर्षभर एक अक्षर नाही. हे पण लहान मेंदूचं असेल का? एमआरआय करू का?

उत्तर: घरी नीट बोलते, चालते, पळते, उलट्या-डोकेदुखी काही नाही, तर हे ते नाही. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, त्यामागे भीती असते, मेंदूची गाठ नसते, आणि लहान मेंदूमुळे गप्प झालेलं मूल घरी-शाळेत सगळीकडेच गप्प असतं. एमआरआयचे पैसे वाचवा, बालमानसतज्ज्ञांना भेटा, आणि बाईंना सांगा की वर्गात सगळ्यांसमोर उभं करून "नाव सांग" करू नका. यावर सविस्तर पुढच्या अंकात लिहिते, कारण याची तब्बल पिशवीभर पत्रं आहेत.

प्रश्न: सरकारी किंवा कमी खर्चात स्पीच थेरपी कुठे मिळेल? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो.

उत्तर: पहिली चौकशी जिल्हा रुग्णालयात करा, तिथे मुलांसाठी डीईआयसी नावाचा विभाग असतो, अठरा वर्षांपर्यंतची मुलं बघतात, स्पीच थेरपिस्टची जागा भरलेली आहे का ते मात्र फोन करून मगच जा, उगाच एसटीचा हेलपाटा नको. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी आणि थेरपी दोन्ही होतं. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभागाला जोडूनही थेरपिस्ट असतात. दर आठवड्याला जाणं जमणार नसेल तर पहिल्या भेटीतच सांगा की आम्ही महिन्यातून एकदा येऊ, घरी करायचा सराव लिहून द्या आणि मधे व्हिडिओ कॉलवर बघा, बरेच जण तयार होतात. जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा एमआरआय रिपोर्ट, आणि मूल आजारी पडायच्या आधी बोलतानाचा एखादा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा. वाढदिवसाचा, गणपतीतला, कुठलाही चालेल. मूल आधी कसं बोलायचं हे आम्हाला त्यातून जेवढं कळतं तेवढं फाइलमधून कळत नाही.